गेले

"गेले," मोरेनिके म्हणाली
आणि आईनं गॅस बारीक केला.
"कोन गेले वो माय?"

कोणीच नाही.
तिच्या भाषेत हे क्रियापद नाही, कापड आहे.
दोन मीटर, ताठ,
गांधीबागेतली चार दुकानं पालथी घालून आणलेलं,
कांद्याच्या सालीच्या रंगाचं,
कारण तिकडे अबेओकुटात आज तिच्या बहिणीचं लग्न
आणि घरच्या साऱ्या बायका
ह्याच रंगात उभ्या राहणार.

इंदोऱ्यातली आमची वरची खोली. मे महिना.
कूलर वाऱ्यापेक्षा आवाज जास्त फेकतोय.
लोखंडी कपाटाच्या आरशासमोर
फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाची आमची भाडेकरू,
कापडाचं एक टोक दातांत,
दुसरं आईच्या मुठीत.
"ओढा, काकू. अजून. मी नाही तुटत."
आई ओढते,
स्लॅबच्या कामावर दोर ओढायची तशी.
कपाळावर एक चुणी, तिच्यावर दुसरी, तिसरी,
कापड नव्या नोटेसारखं करकरतं,
मागे गाठ,
आणि दाराची चौकट अचानक बुटकी होते.

मी माझी भाषा चाचपून बघते.
फेटा, पटका, पागोटं, मुंडासं:
डोक्यावर उभं राहणारं सगळं
सातबाऱ्यासारखं पुरुषांच्या नावावर.
बाईला पदर. तो पडतो, सावरावा लागतो.
कमाल चौकातून जाणाऱ्या स्कूटीवरच्या पोरी,
डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात.
उन्हासाठी, असं आपण म्हणतो.
आणि चुंबळ.

"यावर ठेवतेत काय?" आई विचारते.
"काही नाही."
"काहीच नाही?"
"काहीच नाही, काकू. एवढंच."
आई आरशात बघते. तिला हिशेब लागत नाही.

मग मोरेनिके सांगते, तोंडात पिना धरून,
म्हणून थोडं पुसट:
समुद्रापलीकडे, लुइझियाना म्हणून मुलूख,
दोनशेहून जास्त वर्षं झाली,
तिथे फर्मान निघालं,
काळ्या बायकांनी केस झाकावेत.
फार सुंदर दिसत होत्या, त्याचा त्रास होत होता.
बायकांनी झाकले.
लाल कापडानं, पिवळ्या कापडानं,
वर पीस खोवलं, खडा लावला,
कायदा पाळून पाळून
कायद्याची पार शोभा केली.

आई हसली. मग हसायची थांबली.
"माह्या आजीले पायात चांदी चालत नव्हती.
कागद नव्हता कुठी. पन साऱ्या गावाले पाठ होतं."

पंचफुला माझी आई.
बावीस वर्षं घमेलं.
कामठी रोडवरचे किती मजले तिच्या टाळूवरून वर गेले
हे कुठल्याच कोनशिलेवर नाही.
टाळूवर मात्र आहे:
रुपयाएवढी जागा, तिथे केस उगवायचे विसरलेत.
तिची चुंबळ अजून मोरीच्या खुंटीला,
जुन्या लुगड्याची.
मी एकदा धुऊन, उलगडून, दोरीवर वाळत घातली होती.
वाळली, आणि पुन्हा स्वतःभोवती वळून बसली.

मोरेनिकेनं ती जागा बघितली असावी.
बोलली काही नाही.
खाली उरलेला हातभर तुकडा उचलला,
आईकडे बघून भुवया उंचावल्या.
"हट," आई म्हणाली. "मले काय करतं. म्हातारपनी थेर."
तुकडा मात्र तिनं मांडीवर घेतला
आणि बोटानं त्याच्या चुण्या घालत बसली,
मोडत, पुन्हा घालत.

रात्री साडेआठला फोन लागला.
पडद्यावर कांद्याच्या रंगाचं शेतच,
ढोल, कुणीतरी ओरडलं, तुला बांधून कुणी दिलं?
मोरेनिकेनं फोन आईकडे फिरवला.
आईचा हात सवयीनं पदराकडे गेला,

आणि लाइट गेली.

कूलर धापा टाकत थांबला.
फोनवरचं लग्न गोठलं, विझलं.
काळोखात नुसता करकर आवाज,
ती मान हलवत होती, त्यावरून कळलं,
अजून उभं आहे.
"काढू का, काकू? उकडतंय."

"राहू दे," आई म्हणाली.
थोड्या वेळानं, भिंतीकडून:
"गाठ कुठून मारली वो तू?
मागून का बाजूनं?"